यात 'पॉज'चं बटण नाही!

व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकपायी लहानपणी ज्यांनी घरच्यांची बोलणी खाल्ली, त्यांच्यासाठी खुशखबर. ती प्रॅक्टिस वाया गेलेली नाही! मोटर असलेल्या टेलिस्कोपला जॉयस्टिक जोडा आणि गच्चीवरून थेट इंटरनॅशनल स्पेस स्टेशनचा पाठलाग करा. फक्त यात 'पॉज' नाही.

थोडं गणित सांगतो, घाबरू नका. तारे धरून ठेवायला टेलिस्कोपला चार मिनिटांत एक अंश फिरावं लागतं. स्पेस स्टेशन डोक्यावरून जाताना तेवढं अंतर एका सेकंदात कापतं. म्हणजे २४० पट स्पीड! कॅमेऱ्यात पाव अंश आकाश मावत असेल, तर पाव सेकंदात पाहुणा गायब.

म्हणून कामाची वाटणी करायची. कक्षेचा हिशोब करून मोटर पळवायचं काम कॉम्प्युटरचं. तरी ठिपका इकडेतिकडे सरकतोच. तो जॉयस्टिकने हळूच ढकलत फाइंडरच्या क्रॉसवर आणायचं काम माझं. कॅमेरा तोवर धडाधड फ्रेम्स घेत असतो. त्यातल्या बहुतेक रिकाम्या, नाहीतर धूसर. पण एखादी जमून येते. मधला लांबलचक दांडा, दोन्हीकडे सोलर पॅनेल्सचे पंख! १०९ मीटरची ही वस्तू चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवरून जाताना टेलिस्कोपमध्ये साधारण गुरूएवढी दिसते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

"नेटवर याहून झकास फोटो आहेत की रे," असं मित्र म्हणतात. आहेत ना! पण ती पाच-सहा मिनिटं मोबाइल वाजला तरी मला ऐकू येत नाही. दिवसभरात दुसऱ्या कुठल्या कामाबद्दल तुम्ही असं म्हणू शकाल?

शिवाय वेळ कमी आहे. नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत कुणी ना कुणी राहतंय. जून-जुलै २०२५ मध्ये आपला शुभांशु शुक्लाही तिथे होता. नेमका पावसाळा! पुण्यावर ढगांची गोधडी, मी गच्चीवर छत्री घेऊन. आणि २०३० नंतर हे स्टेशन खाली आणून समुद्रात बुडवायचं, असा नासाचा प्लॅन आहे. फ्रान्सच्या थिएरी लेगोने सप्टेंबर २०११ मध्ये यूएआरएस हा सॅटेलाइट असाच टेलिस्कोपमधून टिपला होता. पुढच्या काही दिवसांतच तो वातावरणात शिरून संपला. वरची वस्तू कायम वरच राहील, असं काही नसतं.

तेव्हा या हिवाळ्यात बघाच. टेलिस्कोप नसला तरी चालेल. स्टेशन कधी दिसणार ते नासाच्या साइटवर बघा आणि सूर्यास्तानंतरची किंवा पहाटेची वेळ गाठा. खाली अंधार आणि वर ऊन, तेव्हाच ते चमकतं. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने. जॉयस्टिकची पाळी आपोआप येईल. आणि घरच्यांना सांगा, हा गेम नाही, अॅस्ट्रॉनॉमी आहे!