जुन्या गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ : दोष इंजिनाचा किती, पेट्रोलचा किती?

पुसद - वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री राज्याला देणाऱ्या पुसदला अद्याप रेल्वे आलेली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरील वर्धा ते कळंब या टप्प्यात २०२४ मध्ये गाडी धावू लागली. पुसदकरांची प्रतीक्षा मात्र संपलेली नाही. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटरवर. मोठा दवाखाना असो, सरकारी कचेरीतले काम असो वा मुलांचे शिक्षण, यवतमाळ, नांदेड किंवा नागपूर गाठायचे तर एसटी, नाहीतर स्वतःची गाडी. अनेक मध्यमवर्गीय घरांत ही गाडी दहा-पंधरा वर्षांची, बहुधा दुसऱ्या हाताची असते. पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडल्यापासून तिच्या ‘अ‍ॅव्हरेज’चा प्रश्न महिन्याच्या जमाखर्चात येऊन बसला आहे.

त्यात भर पडली ती इथेनॉलची. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते; ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. तेव्हापासून गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले, की दोष सरसकट पेट्रोलला दिला जातो. दुसरीकडे, उतारा म्हणून ‘मायलेज सेटिंग’पासून इंधन वाचविणाऱ्या यंत्रांपर्यंत अनेक उपाय सुचविले जातात. या दोन्ही टोकांच्या मध्ये खरा हिशेब हरवतो, आणि तो हरवल्याची किंमत गाडीमालक मोजतो.

पेट्रोलचा वाटा

हिशेब अवघड नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. साहजिकच २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींमध्ये सहा ते सात टक्के, तर १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींमध्ये एक ते दोन टक्के घट सांगितली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जुन्या वाहनांसाठी तीन ते सहा टक्के घट मान्य केली.

याचा अर्थ असा, की निव्वळ पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी आज साधारण १४ किलोमीटर धावली, तर त्यात तिचा दोष नाही. हीच गाडी ११ वर आली असेल, तर मात्र चारपैकी एकच किलोमीटर पेट्रोलने नेला. उरलेले तीन गाडीनेच गमावले आहेत. वर्षाला आठ हजार किलोमीटर प्रवास आणि लिटरला १०५ रुपये दर धरला, तर पेट्रोलमुळे होणारा जादा खर्च चार हजारांच्या आसपास राहतो. गाडीच्या दोषांमुळे होणारा खर्च सोळा हजारांच्या घरात जातो. पहिला खर्च गाडीमालकाच्या हातात नाही, दुसरा आहे.

म्हणून गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी मोजमाप हवे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा, नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरावी. असे तीनदा केल्यावर जो सरासरी आकडा येतो, तो खरा. पुसदभोवतीच्या चढउताराच्या रस्त्यांवर एका फेरीचा आकडा हमखास फसवा निघतो.

दुरुस्ती कोणती आणि कशासाठी?

जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज सहसा एका मोठ्या बिघाडाने जात नाही. लहानसहान दोष साचत जातात. टायरमध्ये हवा कमी, चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले, ब्रेक पूर्ण न सुटल्याने चाक जड फिरते, क्लच प्लेट घसरते. यांतला कोणताही दोष चालकाला एकदम जाणवत नाही. सपाट रस्त्यावर थोडे अंतर चालवून चारही चाकांची उष्णता तपासली, तरी अडकलेला ब्रेक लक्षात येतो.

इंजिनाच्या बाबतीत गाडीचे वय महत्त्वाचे. कार्बोरेटरच्या गाड्यांत एअर फिल्टर तुंबला, तर पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि अ‍ॅव्हरेज घसरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक हवेच्या मानाने पेट्रोल सोडतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने गाडीची ओढ कमी होते. अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही, असे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत दिसले. या गाड्यांत लक्ष द्यायचे ते ऑक्सिजन सेन्सरकडे. तो निकामी झाला, की इंजिन अंदाजाने जादा पेट्रोल घेत राहते.

विदर्भात आणखी एका गोष्टीची तपासणी आवश्यक आहे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकण्याची जुनी पद्धत आपल्याकडे आहे. त्याने तापण्याची तक्रार काही काळ थांबते. पण इंजिनाला योग्य उष्णता मिळण्यास उशीर होतो आणि तोवर ते जास्त पेट्रोल पिते. रेडिएटर साफ करून नवा व्हॉल्व्ह बसविणे हा खरा उपाय. दुसऱ्या हाताची गाडी घेतली असेल, तर व्हॉल्व्ह जागेवर आहे का, हे आधी पाहावे.

नव्या पेट्रोलमुळे देखभालीतही बदल करावा लागणार आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि टाकीतील जुना गाळ सोडविते. त्यामुळे पेट्रोल फिल्टर लवकर तुंबू शकतो. जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट कडक होतात वा फुगतात. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर हे भाग बदलावे लागतील, असे मंत्रालयानेच सांगितले आहे. जी गाडी महिनोन्‌महिने उभी असते, तिच्याबाबत पावसाळ्यात अधिक दक्षता हवी.

मोहाचे उपाय

दुरुस्तीने गाडी तिच्या मूळ अ‍ॅव्हरेजच्या जवळ येते. त्याच्या पुढे जात नाही. पुढे नेण्याचे आश्वासन देणाऱ्या उपायांपाशी सावध राहावे. कार्बोरेटरमध्ये लहान जेट टाकून किंवा पेट्रोल कमी करून दिलेल्या ‘मायलेज सेटिंग’ने आकडा काही दिवस वाढलेला दिसतो, पण मिश्रण पातळ झाल्याने इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळण्याचा धोका असतो. इथेनॉलमुळे मिश्रण आधीच पातळ झालेले असताना हा धोका दुणावतो. पेट्रोलच्या नळीवर बसवायची चुंबके आणि तत्सम साधनांची कथा निराळी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभरहून अधिक साधने तपासली. अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही आढळले नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. सीएनजी किटला परवानगी आहे. परंतु किट मान्यताप्राप्त हवे, आरसी बुकवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी हवी. शिवाय नेहमीच्या वाटेवर पंप नसेल, तर हा खर्च भरून निघण्यास बराच काळ लागतो.

पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार झाले. मोठी दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी ही रक्कम आणि पत्र्याची स्थिती हिशेबात धरावी. पत्रा गंजलेला असेल, तर इंजिनावर केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता अधिक.

उरलेला एक किलोमीटर

गाडीने गमावलेले तीन किलोमीटर गॅरेजमध्ये परत मिळू शकतात. पेट्रोलने नेलेल्या एका किलोमीटरचे काय, हा प्रश्न मात्र धोरणाचा आहे. इथेनॉलमुळे कच्च्या तेलाची आयात घटते आणि ऊस-मका उत्पादकाला बाजार मिळतो, याबद्दल वाद नाही. पण नीती आयोगाच्या त्याच अहवालाने जुन्या वाहनांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे आणि कमी ऊर्जेची भरपाई म्हणून करसवलतीचा विचार व्हावा, असेही सुचविले होते. सरकारचे म्हणणे असे, की इथेनॉलची खरेदी आता पेट्रोलपेक्षा महाग पडते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझीलमध्ये चालकाला पंपावर दोन इंधनांतून निवड करता येते. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर ते घ्यावे, असा तिथला साधा आडाखा आहे. आपल्याकडे तशी निवड नाही.

ही निवड जोवर मिळत नाही, तोवर किमान दोन गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत ठळकपणे लिहिलेले असावे. आणि तालुक्याच्या ठिकाणच्या मेकॅनिकांना नव्या पेट्रोलसाठी जुन्या गाड्यांत काय बदलावे, याचे प्रशिक्षण मिळावे. पुसदसारख्या गावात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा ओळखीच्या गॅरेजवरच जुनी गाडी चालते. धोरण दिल्लीत ठरते. त्याची अंमलबजावणी मात्र अखेर याच गॅरेजमध्ये होते.