आधी हवेचा हिशेब, मग कॉम्प्रेसर

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ बीड जिल्ह्यातील गॅरेज व्यवसायाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत धावपळीचा काळ असतो. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघण्यापूर्वी ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या दुरुस्त होऊन उभ्या राहाव्या लागतात, आणि केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील हे काम मोठ्या शोरूममध्ये नव्हे, तर बहुतांशी घराला लागून उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. अशा शेडमध्ये हवेचा कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरची हवा ओढून, दाबून टाकीत साठवणारे यंत्र, आता अपरिहार्य झाले आहे. परंतु त्याची खरेदी आजही ‘दोन अश्वशक्तीची मोटर, शंभर लिटरची टाकी’ एवढ्या दोन आकड्यांवर उरकली जाते. हे दोन्ही आकडे खरे असले, तरी कारागिराला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते ते त्यांत मिळत नाही, आणि घरगुती गॅरेजमधील कॉम्प्रेसरविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या खरेदीच्या पद्धतीत आहे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

अश्वशक्ती हे मोटरचे बळ आहे आणि लिटर हे भांड्याचे माप आहे. मिनिटाला किती हवा हाती लागेल, हे या दोहोंपैकी एकही सांगत नाही. लोहार भात्याची पारख त्याच्या कातड्याच्या आकारावरून करत नाही, भट्टीतल्या निखाऱ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या वाऱ्यावरून करतो, आणि कॉम्प्रेसरची पारखही तशीच व्हायला हवी. त्यासाठीचे योग्य माप म्हणजे मुक्त हवा पुरवठा, ज्याला व्यवहारात ‘एफएडी’ म्हणतात: ठरावीक दाबावर यंत्र प्रत्यक्षात जी हवा बाहेर देते ती पुन्हा बाहेरच्या साध्या हवेच्या दाबावर आणली तर मिनिटाला किती घनफूट भरेल, तो आकडा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. माहितीपत्रकात मात्र अनेकदा पिस्टनचे विस्थापन छापलेले असते, म्हणजे पिस्टनच्या फेऱ्यांनी सिलिंडरमधील जेवढी पोकळी झाडली जाते तिचे गणित. त्यात हेडमध्ये उरणारी हवा, तापलेल्या सिलिंडरमध्ये फुगणारी हवा आणि रिंगांतून निसटणारी हवा वजा केलेली नसते. दोन अश्वशक्तीच्या लहान यंत्रावर सात-आठ घनफूट लिहिलेले असले, तरी ७ किलो दाबावर हाती पाच घनफुटांच्या आसपासच हवा येते. पुण्यात १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक आणि १९६० साली ॲटलास कॉप्को या कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून हे राज्य कॉम्प्रेसर बनवणारे राज्य आहे. मोठे कारखाने यंत्र घेताना मुक्त हवा पुरवठ्याचा आकडा, तो कोणत्या दाबावरचा आहे या उल्लेखासह, लेखी घेतात. शेडमधील कारागिरानेही दुकानदाराकडे तोच आकडा कोटेशनवर मागावा. त्यात कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही.

हा आकडा किती असावा, हे कामाकडून मागे मोजत आल्यास कळते. ट्रॉलीला लागणाऱ्या ९.००-२० मापाच्या टायरची पोकळी ढोबळमानाने शंभर लिटर धरली आणि त्यात ७ किलो, म्हणजे पंक्चरच्या दुकानातील भाषेत शंभर पाउंड, हवा भरायची असली, तर बाहेरची सुमारे सातशे लिटर हवा त्या टायरमध्ये कोंबावी लागते. मिनिटाला पाच घनफूट, म्हणजे जवळपास १४० लिटर देणाऱ्या यंत्राला त्यासाठी पाच मिनिटे लागतात. एवढा वेळ परवडण्याजोगा आहे. खरी अडचण दाबाची असते. लहान यंत्र ८ किलोला बंद होऊन ६ किलोला पुन्हा सुरू होते, तेव्हा टाकीतील दाब ६ ते ७ किलोच्या दरम्यान असताना शंभर पाउंडांच्या टायरमध्ये हवा शिरतच नाही आणि कारागीर व्हॉल्व्ह धरून ताटकळत बसतो. ज्या शेडमध्ये ट्रॉली आणि ट्रक यांचे टायर हेच मुख्य काम आहे, तेथे दोन टप्प्यांत हवा दाबणारे आणि १० ते १२ किलोपर्यंत जाणारे यंत्र घ्यावे. दुचाकी, रिक्षा आणि मोटारी यांवर भागणाऱ्या शेडला एक टप्पा पुरेसा आहे.

टाकीच्या आकाराविषयीचा गैरसमज याहून अधिक महागात पडतो. शंभर लिटरच्या टाकीत ८ किलोपासून ६ किलोपर्यंत दाब उतरताना मिळणारी हवा केवळ दोनशे लिटर, म्हणजे सात घनफूट असते. चाकाचे नट सोडवणारी इम्पॅक्ट गन पाच-सहा सेकंद चालते आणि मग कारागीर पुढच्या नटाकडे वळतो. अशा तुटक कामात ही शिल्लक सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण मधल्या वेळात यंत्र खर्ची पडलेली हवा भरून काढते. अर्धा इंची गनला सरासरी चार-पाच घनफूट पुरतात, तर ट्रॉलीच्या चाकांसाठी लागणारी एक इंची गन दहा घनफुटांच्या पुढे जाते आणि तिला नळीही जाड लागते. रंगाच्या गनचे तसे नसते. ती अखंड चालते, आणि तिला मिनिटाला दहा घनफूट लागत असतील व यंत्र पाचच देत असेल, तर दर मिनिटाला पाच घनफुटांची तूट टाकीतून भरून निघते आणि सात घनफुटांची ती शिल्लक दीड मिनिटाच्या आतच संपते. त्यापुढे दाब उतरत जातो, फवारा दाणेदार पडू लागतो, आणि बॉनेटचा अर्धा भाग गुळगुळीत तर अर्धा खरबरीत दिसतो. दोनशे लिटरची टाकी घेतल्याने दीडाची तीन मिनिटे होतील, तूट मात्र तशीच राहील. घासकाम करणारी हवेची डिस्क तर याहून खादाड असते. तात्पर्य असे की तुटक कामासाठी टाकी मोठी असावी आणि अखंड कामासाठी यंत्र मोठे असावे. ज्याला रंगकाम करायचे आहे, त्याने टाकीच्या लिटरांवर पैसे न घालता गनच्या डब्यावर छापलेली हवेची गरज पाहून, तिच्या सव्वापट ते दीडपट पुरवठा देणारे यंत्र निवडावे. तेवढी वीज शेडमध्ये नसेल, तर कमी हवा खाणारी लहान नोझलची गन घ्यावी, किंवा रंगकाम बाहेर द्यावे.

वीज हा बीडमधील निवडीचा दुसरा आणि तितकाच निर्णायक निकष आहे. घरालगतच्या शेडला बहुधा घराचीच सिंगल फेज जोडणी असते, आणि गावठाणाच्या टोकाला, डीपीपासून दूर असलेल्या घरात संध्याकाळी २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळणे हा अनेकांचा नित्याचा अनुभव आहे. मोटरचे फिरवण्याचे बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे १८० व्होल्टला ते मूळच्या साधारण ६१ टक्केच उरते, तर सुरू होतानाचा प्रवाह चालू प्रवाहाच्या पाच-सहापट असतो. मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि वाइंडिंग जळते. म्हणून घरच्या जोडणीवर दोन अश्वशक्तीच्या पुढे जाऊ नये, आणि तीन अश्वशक्तीचे वा त्याहून मोठे यंत्र हवे असल्यास थ्री फेज जोडणी मिळाल्यावरच ते विकत घ्यावे. कॉम्प्रेसर बंद होताना ‘फुस्स’ असा जो आवाज येतो, तो हेड आणि टाकी यांमधील नळीतली हवा सुटल्याचा असतो, आणि ती सुटल्यामुळेच पुढच्या वेळी मोटर बिनओझ्याने सुरू होते. हा आवाज येईनासा झाला तर प्रेशर स्विचवरील सुटीचा व्हॉल्व्ह तपासावा, आणि तो क्षणभरात न थांबता सुरूच राहिला तर टाकीच्या तोंडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा परत सोडत आहे असे समजावे. कमी व्होल्टेजच्या गावात या लहानशा भागांच्या दुरुस्तीला केलेला उशीर मोटरच्या किमतीला जाऊन भिडतो. यंत्र कामापासून दूर असेल तर बारीक वायर लांबवण्यापेक्षा हवेची नळी लांबवावी.

मोटरला थेट जोडलेली, बिनतेलाची हलकी यंत्रे स्वस्त आणि उचलायला सोपी असतात, पण ती मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतात, लवकर तापतात आणि कर्कश वाजतात. पट्ट्यावर चालणारे बिडाचे हेड त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या गतीने फिरते आणि दिवसभराच्या कामाला टिकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील मर्यादा लक्षात घेता, शेजाऱ्याची भिंत चिकटून असलेल्या घरात पट्ट्याचे यंत्रच घ्यावे.

मराठवाड्यातील उन्हाळा हा यंत्राच्या परीक्षेचा काळ असतो. ४० अंशांची हवा एकाच टप्प्यात ७ किलोपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान २९० अंशांच्या घरात जाते. सिलिंडरच्या पंखांमुळे ते प्रत्यक्षात बरेच कमी राहते, परंतु पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये, भिंतीला टेकवून ठेवलेल्या यंत्राला हा दिलासाही मिळत नाही. दोन टप्प्यांच्या यंत्रात हवा मध्येच थंड केली जात असल्याने तेच गणित दीडशे अंशांच्या आसपास थांबते. हेडवर वारा मारणारी पुली भिंतीपासून हातभर दूर असावी, हवा ओढण्याचे तोंड सावलीत आणि धुळीपासून उंचावर असावे, आणि हेडमध्ये गाडीचे उरलेले इंजिन ऑइल न घालता कॉम्प्रेसरचेच तेल घालावे, कारण इंजिन ऑइल तापलेल्या व्हॉल्व्हवर काजळी धरते.

पावसाळ्यात प्रश्न पाण्याचा होतो. ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. पाच घनफुटांचे यंत्र तासभर सलग चालले तर साडेआठ घनमीटर हवा ओढते, आणि टाकी निवल्यावर त्यातून दीडशे मिलिलीटरच्या आसपास पाणी तळाशी साचते. हेच पाणी रंगाच्या थराखाली फोड आणते आणि इम्पॅक्ट गनच्या पात्यांना गंज चढवते. त्याहून गंभीर म्हणजे ते टाकीचा तळ आतून खाते, आणि बाहेरून रंग मात्र नव्यासारखा दिसत राहतो.

या ठिकाणी निवडीचा प्रश्न संपून जबाबदारीचा प्रश्न सुरू होतो. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या एका झाकणावर ८ किलो दाबाला सुमारे दहा टनांचा जोर येतो, म्हणजे उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीच्या तोडीचा जोर, आणि तो थोपवून धरणारा पत्रा केवळ काही मिलिमीटर जाडीचा असतो. कारखान्यांतील दाबयंत्रांच्या सुरक्षिततेसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात ३१ वे कलम घातले गेले, परंतु दोन माणसांच्या शेडमध्ये निरीक्षक कधीच येत नसल्याने तेथे टाकीचा निरीक्षक मालकच असतो. त्यामुळे जुन्या बाजारातील खरेदीविषयी या मासिकाचा सल्ला निःसंदिग्ध आहे: जुने हेड रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलून घेता येते, जुनी मोटर पुन्हा भरून घेता येते, परंतु जुनी टाकी घेऊ नये. ट्रकच्या ब्रेकच्या भंगारातील टाक्या जोडून केलेली जुळवाजुळवही याच कारणाने त्याज्य आहे. टाकीला सूक्ष्म गळती लागली म्हणजे पत्रा तेथे झिजला आहे. त्यावर वेल्डिंगचे ठिगळ मारणे म्हणजे शेजारचा पातळ पत्रा तापवून आणखी कमजोर करणे होय. सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेल्यास आपोआप उघडणारी झडप, हिची कडी आठवड्यातून एकदा ओढून पाहावी, आणि ती गळते म्हणून बोल्ट मारून बंद करण्याचा प्रकार कोणत्याही शेडमध्ये खपवून घेऊ नये. काम संपल्यावर हवेच्या झोताने अंगावरचे कपडे झटकण्याची सवयही तितकीच घातक आहे. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनी साफसफाईच्या झोताचा दाब ३० पाउंडांच्या खाली ठेवण्याची अट घातली आहे, तर आपल्याकडे त्याच्या तिपटीहून अधिक दाबाचा झोत शिकाऊ पोरांच्या मानेजवळ फिरत असतो.

टाकीची खात्री करण्याची रीत अवघड नाही. टाकी काठोकाठ पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने चालू दाबाच्या दीडपट दाब देऊन ती काही वेळ तशीच ठेवतात. पाणी जवळजवळ दबत नसल्यामुळे पत्रा फाटलाच तर पाणी झिरपते, टाकी फुटून उडत नाही. हा हातपंप प्रत्येक शेडने घ्यावा असे नाही, एका तालुक्यातील कारागिरांनी वर्गणी करून तो एकच घेतला तरी सर्वांचे काम भागते, आणि डिझेल मेकॅनिकचे शिक्षण देणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी पोळ्याआधीचे दोन दिवस या चाचणीसाठी राखून ठेवले, तर शिकणाऱ्या मुलांनाही टाकीकडे पाहण्याची दृष्टी येईल. जिल्ह्यातील गॅरेजचालकांनी आपल्या जवळच्या संस्थेच्या प्राचार्यांना तसे पत्र या हंगामापूर्वीच द्यावे, आणि तोपर्यंत रोज संध्याकाळी शेड बंद करताना टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून, पाणी संपून कोरडी हवा येईपर्यंत तो तसाच ठेवावा.