गाणे गळ्याचे, मालकी भांडवलाची

पूर्णा-नांदेड लोहमार्गावर चुडावा हे छोटे स्थानक आहे. हे गाव ज्या परभणी जिल्ह्यात येते तो जिल्हा कापसाचा. येथला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. मधला सारा नफा मधल्यामधे राहतो. हे गणित मराठवाड्यातील शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. पण तेच गणित गाण्यालाही लागू पडते, हे आपल्या चळवळीने अजून पुरते ध्यानी घेतलेले नाही. भजनी मंडळातला, जलशातला, भीमजयंतीच्या मंचावरचा गळा गावाचा असतो. त्याचे ध्वनिमुद्रण शहरात होते, त्यावर मालकीचा शिक्का दुसऱ्याचा बसतो आणि तेच गाणे विक्रीचा माल होऊन गावात परत येते.

या प्रश्नाची उकल करण्यासाठी एक असे उदाहरण घेतो, जे आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना प्रथमदर्शनी परके वाटेल. ते आहे गोव्यातील शिवोलीचे पॉप-रॉक गायक रेमो फर्नांडिस यांचे. गिटार आणि इंग्रजी शब्द ऐकले की ‘पाश्चात्त्य धांगडधिंगा’ म्हणून पाठ फिरवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती क्षणभर बाजूला ठेवावी. कारण गायक आणि त्याच्या श्रमाचे फळ यांच्यातील संबंधाचा जो धडा या गायकाच्या वाटचालीत आहे, तो मराठी लोकगायकांच्या इतिहासातही इतक्या स्वच्छपणे सापडत नाही.

रेमो यांनी मुंबईत वास्तुशास्त्राची पदवी घेतली, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती केली आणि ते गोव्यात परतले. त्या काळी भारतातील ध्वनिमुद्रण व्यवसाय म्हणजे मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांचा व्यवसाय होता. गोव्याच्या जीवनावर इंग्रजीत स्वतःची गाणी रचणाऱ्या तरुणाला त्यात जागा नव्हती. तेव्हा त्यांनी घरातच चार पट्ट्यांच्या एका लहान ध्वनिमुद्रण यंत्रावर काम सुरू केले. गीते त्यांची, चाली त्यांच्या, वाद्ये त्यांनीच वाजवलेली, आवाज त्यांचेच, कॅसेटच्या वेष्टनावरचे चित्रही त्यांचेच. १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट निघाली आणि तिच्या प्रती पिवळ्या स्कूटरवर लादून गोव्यातील दुकानोदुकानी पोचवण्याचे कामही त्यांनीच केले. पुढे १९८६ साली अमली पदार्थांच्या विरोधातील ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि १९८७ साली ‘बॉम्बे सिटी’ या संग्रहांनी त्यांचे नाव देशभर नेले. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’मध्ये (१९८५) आणि पुढे ‘जलवा’ (१९८७) या चित्रपटात त्यांचे संगीत गाजले. १९९५ साली ‘बॉम्बे’ चित्रपटातील ए. आर. रहमान यांच्या गीताने तर त्यांचा आवाज खेड्यापाड्यांत पोचला. २००७ साली शासनाने त्यांना पद्मश्री दिली.

या यशाचे अर्थशास्त्र पाहिले पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले, तेव्हापासून पुढची सत्तर वर्षे भारतातील ध्वनिमुद्रण जवळजवळ एकाच ब्रिटिश कंपनीच्या मुठीत होते. तबकड्या दाबण्याचा मोठा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. यंत्र महाग, तबकडी महाग, वाजवण्याचे उपकरण त्याहून महाग. कोणी गावे आणि काय गावे हे कंपनीच्या कचेरीत ठरे. कॅसेटने ही मक्तेदारी फोडली. उत्पादनाचे साधन स्वस्त झाले, नकला काढणे सोपे झाले आणि ऐंशीच्या दशकात लहान-मोठे असंख्य उत्पादक उभे राहिले. मराठीत प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते आणि पुढे आनंद व मिलिंद शिंदे या त्यांच्या पुत्रांची गाणी घरोघरी, हॉटेलात, एस.टी. थांब्यावर वाजू लागली ती याच लाटेत. ज्या समाजाच्या आवाजाला तबकडीच्या युगात क्वचितच दार उघडे होते, तो आवाज कॅसेटने महाराष्ट्रभर नेला. हे पुरोगामी पाऊल होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु साधन स्वस्त झाले म्हणजे कलावंत मुक्त झाला, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. कॅसेटच्या बहुसंख्य व्यवहारांत गायकाला एकरकमी बिदागी मिळे आणि मूळ ध्वनिमुद्रणावर हक्क उत्पादकाचा राही. कॅसेट हजार खपो वा लाख खपो, गायकाच्या पदरात पडायचे ते एकदाच. रेमो यांचे वेगळेपण येथे आहे. त्यांच्या पहिल्या संग्रहांत श्रमही त्यांचे होते आणि श्रमाची साधनेही त्यांचीच होती. म्हणून कोणते गाणे गावे, याचा निर्णयही त्यांच्याच हाती राहिला. गोव्यातील एका कार्यक्रमात त्यांनी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या समक्ष त्यांनाच उद्देशून टीकेचे गीत गायिले. बिदागीवर बांधलेल्या गायकाला असे धाडस सहजासहजी परवडत नाही. आर्थिक स्वातंत्र्य आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य हे एकमेकांच्या आधाराने उभे राहतात, याचा हा साधा पुरावा आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, हा सुशिक्षित मध्यमवर्गीयाचा पराक्रम आहे. ज्याच्यापाशी पदवी आहे, घर आहे, यंत्र घेण्यापुरता पैसा आहे, त्याने स्वतःचा उत्पादक व्हावे यात नवल कोणते? पूर्णा तालुक्यातील भूमिहीन शाहिराने स्कूटर आणायची कोठून? आक्षेप खरा आहे. पण तो रेमो यांच्या मार्गाविरुद्ध नसून त्या मार्गावर सर्वांना चालता येत नाही अशा व्यवस्थेविरुद्ध आहे. एकट्याला जे परिस्थितीच्या अनुकूलतेने साधले, ते अनेकांना संघटनेच्या बळाने साधून देणे हेच तर आपले काम.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. गोव्याच्या सीमेपर्यंत स्कूटर पोचली. त्यापलीकडच्या देशव्यापी खपासाठी रेमो यांनाही मोठ्या कंपन्यांची वाट धरावी लागली. त्यांचा १९९२ चा संग्रह मॅग्नासाऊंड या कंपनीकडून आला. म्हणजे उत्पादनाची मक्तेदारी फुटली तरी वितरणाची मक्तेदारी शिल्लक राहते. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. आज साध्या मोबाइलवर गाणे मुद्रित करता येते. चुडाव्याच्या तरुणाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. परंतु ते गाणे श्रोत्यांपर्यंत नेणारा रस्ता काही थोड्या परदेशी कंपन्यांच्या मालकीचा आहे आणि त्या रस्त्यावरची सर्वांत मोठी गोदामे देशी कंपन्यांनी भरलेली आहेत. १९८३ साली कॅसेटच्या धंद्यातून सुरू झालेली टी-सीरिज २०१९ साली यूट्यूबवर जगातील सर्वाधिक वर्गणीदार असलेली वाहिनी ठरली. डमडमच्या कारखान्यात पूर्वी जी सत्ता एकवटली होती, ती आता अशा ठिकाणी एकवटली आहे, जिथे मोर्चा न्यायचा तर फाटकही दिसत नाही.

कायद्याचा इतिहासही याच झगड्याचा इतिहास आहे. साठीच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकाला स्वामित्वधनाचा वाटा मिळावा असा आग्रह धरला, तेव्हा मोहम्मद रफी यांच्यासारख्या थोर गायकाशीही त्यांचा मतभेद झाला. मोबदला घेतला की गायकाचा संबंध संपला, ही समजूत त्या काळी कलावंतांतही किती खोल रुजली होती हे यावरून दिसते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या गीत-संगीताचा प्रथम मालक निर्माता असतो असा निवाडा दिला. त्याच निकालपत्राला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी मात्र गाणाऱ्या गळ्याला कायद्यात काहीच हक्क नसल्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९४ च्या दुरुस्तीने, कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क कायद्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा करारानेही पूर्णतः हिरावून घेता येऊ नये अशी तरतूद केली आणि व्यापारी वापरात गायकाचाही वाटा मान्य केला. २०१३ साली गायकांची स्वतःची हक्कसंस्था स्थापन झाली. हक्क कागदावर आला तो कोणाच्या औदार्याने नव्हे, मागणी लावून धरल्याने. आणि कागदावरचा हक्क घरापर्यंत आणण्यासाठीही संघटनाच लागते.

हा प्रश्न केवळ गरीब गायकाचा आहे असेही नाही. जगप्रसिद्ध बीटल्सच्या बहुसंख्य गीतांचे प्रकाशन-हक्क १९८५ साली मायकेल जॅक्सन यांनी विकत घेतले आणि आपल्याच गीतांच्या भवितव्यात रचनाकारांना शब्द राहिला नाही. अमेरिकेच्या टेलर स्विफ्ट या गायिकेच्या पहिल्या ६ संग्रहांची मूळ ध्वनिमुद्रणे २०१९ साली तिच्या मनाविरुद्ध विकली गेली. तिने २०२० पासून जुने संग्रह पुन्हा गाऊन मुद्रित करण्यास आरंभ केला आणि अखेर २०२५ साली मूळ मुद्रणे स्वतः विकत घेतली. जिच्यापाशी अमाप संपत्ती, तिलासुद्धा स्वतःचा आवाज परत विकत घ्यावा लागतो, तिथे कोऱ्या मुद्रांकावर सही करणाऱ्या आमच्या शाहिराची काय कथा!

मग करावे काय? आपल्या सांस्कृतिक आघाडीने आजवर गाणी रचली, गायिली, मोर्च्यांना सूर दिला. पण गायकाला श्रमिक मानून त्याच्या वेतनाचा, कराराचा आणि मालकीचा प्रश्न क्वचितच हाती घेतला. ऊसतोड कामगाराच्या उचलीचा हिशेब आपण विचारतो. गायकाच्या बिदागीचा विचारत नाही. हे यापुढे चालणार नाही. तालुक्यातालुक्यांत गायकांना कराराचा अर्थ समजावून देणारे कार्यकर्ते हवेत. कायमचे आणि सर्व माध्यमांतले हक्क लिहून देण्याची अट कोणी घातली, तर ती नाकारण्यापूर्वी घरचा पुढचा हंगाम कसा निभेल ही चिंता गायकाला पडते. त्या वेळी त्याच्या पाठीशी उभे राहणारी संस्था हवी. ध्वनिमुद्रणाचे साहित्य सामाईक असावे, मूळ मुद्रणाची मालकी गायकांची आणि वादकांची असावी, आणि गीतकार-संगीतकारांची नोंदणी हक्कसंस्थांकडे व्हावी. ज्या महाराष्ट्राने सहकारी साखर कारखाने उभारले, त्याला गायकांचे सहकारी ध्वनिमुद्रण केंद्र उभारणे अशक्य नाही. मात्र त्या कारखान्यांत सभासदांचे काय झाले हेही विसरता कामा नये. सहकाराच्या पाटीआड नवे मालक बसू नयेत यासाठी हिशेब दर वर्षी सर्वांसमोर उघडा झाला पाहिजे.

एवढ्याने परदेशी कंपन्यांची वितरणातली सत्ता मोडणार नाही, हे उघड आहे. तिच्यावर सार्वजनिक नियंत्रण आणण्याचा लढा मोठा आहे आणि तो राज्यसत्तेच्या पातळीवरच लढावा लागेल. परंतु वाटाघाटीला बसताना एकटा गायक आणि दोनशे गायकांची संस्था यांत फरक पडतो, हे कामगार चळवळीने फार पूर्वी सिद्ध केले आहे. कापूस पिकवणाऱ्याने भाव मागायला शिकण्यात कित्येक पिढ्या गेल्या. गाणाऱ्याने तो मागण्यासाठी तितका काळ थांबण्याचे कारण नाही. या वर्षीच्या जयंतीच्या कार्यक्रमांपूर्वी आपापल्या गावातील गायकांची पहिली बैठक बोलावणे प्रत्येक शाखेला शक्य आहे.