बावीस तारखेची हजेरी

लोकप्रतिनिधीची कर्तव्यदक्षता हजेरीपटावरून आणि मतदानाच्या शेकडेवारीवरून मापण्याची जी प्रथा हल्ली बोकाळली आहे, तिच्या पुरस्कर्त्यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेचे जुने दप्तर उघडून जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या नावापुढे कोणता शेरा मारावयाचा, एवढे एकदा ठरवून टाकावे. १८२५ ते १८२९ राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर दुसरा कोणी घरी बसून आठवणी लिहीत राहिला असता. हे गृहस्थ १८३१ साली मॅसॅच्युसेट्सचे एक साधे प्रतिनिधी म्हणून त्याच राजधानीत परतले, आणि त्यात त्यांना यत्किंचितही कमीपणा वाटला नाही. (आमच्याकडील माजी मंत्र्यांनी हे वाक्य वगळून वाचावे.)

१८३२ साली विल्यम स्टॅनबेरी या सभासदावर ठपका ठेवण्याचा ठराव मतास पडला, तेव्हा उपस्थित सभासदाने मत दिलेच पाहिजे असा नियम असताना अ‍ॅडम्स यांनी त्यातून मोकळीक मागितली. सभेने ती नाकारली. तरी ते जागेवर बसून राहिले आणि मत दिले नाही ते नाहीच. देह हजर, मत गैरहजर! कोरम मोजावयाचा तो त्या काळी मतांवरून. त्यामुळे या एका वृद्धाच्या हट्टाचे पुढे शास्त्रच बनले, आणि अल्पमतातील पक्ष बाकांवर आरामात बसून, केवळ मौनाच्या बळावर, कोरम नाहीसा करू लागला. १८९० साली सभापती टॉमस रीड यांनी ही खोड मोडली. मौनधाऱ्यांची नावे त्यांनी हजर म्हणून नोंदविली तेव्हा, मला हजर धरण्याचा तुम्हांस अधिकार नाही, अशी तक्रार केंटकीच्या एका सभासदाने केली. आपण हजर नाही असे आपले म्हणणे आहे काय, एवढेच रीड यांनी विचारले.

अ‍ॅडम्स यांना बोलण्याचे भय होते असे मात्र कोणी समजू नये. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज विचारात न घेताच बाजूस सारण्याचा जो निर्बंध सभेने १८३६ साली घातला, तो १८४४ साली उठेपर्यंत त्यांनी सभागृहास स्वस्थता म्हणून लाभू दिली नाही. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी मेक्सिकोच्या युद्धातील सेनापतींच्या गौरवाचा विषय निघाला, त्यास या ऐंशी वर्षांच्या सभासदाने खणखणीत ‘नाही’ म्हटले, आणि थोड्याच वेळाने ते आपल्या जागी कोसळले. सभापतींच्या दालनात त्यांना नेण्यात आले. २३ तारखेस तेथेच त्यांचा अंत झाला. मधल्या २२ तारखेस त्यांना हजर धरावे की गैरहजर, हे शेकडेवारीवाल्यांनी आम्हांस सवडीने कळवावे.