निष्क्रिय खात्यातली शिल्लक

मराठी मध्यमवर्गीय घरातल्या कपाटाचा एक खण सेवानिवृत्त वस्तूंसाठी राखून ठेवलेला असतो. एके काळी त्यात किल्लीचे घड्याळ, बटण तुटलेला ट्रान्झिस्टर आणि निब मोडलेले फाउंटन पेन असे. आता तिथे एक काळी, चपटी पाटी येऊन पडली आहे. तिला आपण टॅब्लेट किंवा नुसते ‘टॅब’ म्हणतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग घरात आले, तेव्हा अनेकांनी ओढाताण करून, कोणी हप्त्याने, तो मुलांसाठी विकत घेतला. पुढे शाळा उघडल्या, मुलांच्या हाती मोठे मोबाइल आले आणि टॅब खणात गेला. काही वर्षांनी कोणाला तरी त्याची आठवण होते. वायर जोडली जाते, पाच मिनिटे वाट पाहिली जाते. पडदा काळा तो काळाच! ‘गेला हा,’ असा निकाल घरात एकमताने लागतो आणि त्याची रवानगी भंगारात होते.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो, असे माझे म्हणणे आहे.

उमेदीची सारी वर्षे बँकेत गेल्यामुळे मला दाखलेही तिथलेच सुचतात. खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ काहीच व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते खाते निष्क्रिय धरले जाते. निष्क्रिय म्हणजे बुडालेले नव्हे. ओळख पटवावी, कागद द्यावेत, खाते पुन्हा चालू होते. दहा वर्षे कोणी फिरकलेच नाही, तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. पण तिथूनही हक्कदाराला ती परत मागता येते.

टॅबच्या बॅटरीची रीत फारशी वेगळी नाही. लिथियमची ही बॅटरी पूर्ण भरली की तिचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो. यंत्र नुसते पडून राहिले तरी तो हळूहळू उतरत जातो. अडीच-तीन व्होल्टच्या आसपास, म्हणजे किमान शिल्लकेच्याही खाली गेला की आतली संरक्षक यंत्रणा व्यवहार थांबवते. अशा रित्या बॅटरीत एकदम जोराचा प्रवाह सोडणे धोक्याचे असते. म्हणून चार्जर जोडल्यावर ती आधी थेंबाथेंबाने वीज घेते. पडदा उजळण्याइतकी शिल्लक जमायला अर्धा तास, कधी काही तासही लागतात. आणि आपण पाच मिनिटांत मृत्यूचा दाखला लिहून मोकळे होतो!

तेव्हा पहिले काम निरखून पाहण्याचे. टॅबची पाठ फुगली असेल, किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल, तर बॅटरी बिघडली आहे असे समजावे. तो चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये. सरळ जाणकाराकडे न्यावा. अंग सपाट असेल तर चार्जर बदलून पाहावा. टॅबला बहुधा दोन अँपिअरचा चार्जर लागतो. जुन्या मोबाइलचा एक अँपिअरचा चार्जर त्याला अपुरा पडतो आणि संगणकाच्या खाचेतून मिळणारी वीज तर त्याहून कमी. वायरही दुसरी घ्यावी. वरून धड दिसणारी वायर आतून तुटलेली असू शकते. मग चार्जिंगची खाच उजेडात धरून पाहावी. तिथे पिशवीतले, कपाटातले तंतू ठासून बसलेले असतात. ते लाकडी दातकोरण्याने हलक्या हाताने काढावेत. सुई किंवा टाचणी घालू नये.

एवढे झाले की सकाळी, डोळ्यांसमोर राहील अशा जागी टॅब चार्जिंगला लावावा. रात्री उशाशी नको. हाताला चटका बसण्याइतका तापला तर लगेच काढावा. दोन-तीन तासांनी चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. काही टॅबना त्याच वेळी आवाजाचे बटणही दाबावे लागते. पुष्कळदा बॅटरी ठीक असते, यंत्रच अडकून बसलेले असते आणि एवढ्याने ते जागे होते.

पण हा खटाटोप कशासाठी? जुन्या टॅबला बाजारात किंमत नाही, नवी ॲप त्यावर चालत नाहीत, हे खरेच आहे. मोल आहे ते आतल्या ठेवीचे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कितीतरी घरांतून माणसे गेली आणि निरोपही धड घेता आला नाही. त्यांचे शेवटचे चेहरे, शेवटचे आवाज अनेकदा याच पाटीत आहेत.

आमच्या ओळखीच्या एका घरी आजोबा त्या काळात दूरच्या नातीसाठी रोज एक गोष्ट टॅबवर बोलून ठेवत. ते गेले आणि टॅब बंद पडून राहिला. आजींनी तो एका दुकानात नेला. ‘फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होईल,’ असे उत्तर मिळाले. ‘मग त्यातल्या गोष्टी?’ ‘त्या जातील.’ आजी टॅब घेऊन परत आल्या. दुसऱ्या एका कारागिराने चिकटवलेली पाठ उकलून बॅटरी बदलली. गोष्टी होत्या तशा मिळाल्या. ‘नव्यासारखा’ या शब्दात किती नुकसान लपलेले असते, हे तेव्हा उमगले.

म्हणून दुरुस्तीला देताना ‘आतले काही पुसायचे नाही’ हे पावतीवर लिहून घ्यावे. कुलपाचा आकडा कोणाला तरी ठाऊक असावा. टॅब उघडला की फोटो आणि आवाज लगेच दोन निराळ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत. कारण त्याची स्मृतीही विजेच्या सूक्ष्म भारातच साठलेली असते आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तीही झिजते.

आता थोडे सरकार आणि कंपन्यांविषयी. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही जिवट हातांचे कारागीर आहेत. त्यांची अडचण कौशल्याची नाही. बॅटरी डिंकाने पक्की चिकटवलेली असते, अस्सल सुटा भाग मिळत नाही आणि आतला नकाशा कंपनीच्या तिजोरीत असतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या मोबाइल आणि टॅबसाठी नियम केला, की त्यांची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध असले पाहिजेत. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. ते चांगलेच झाले. पण पोर्टल माहिती देते, सक्ती करत नाही. गोधडी शिवणाऱ्या आणि भांड्यांना कल्हई लावणाऱ्या या देशाला दुरुस्तीचे महत्त्व परक्याने शिकवण्याची गरज नसावी. सुट्या भागांची सक्ती आपल्याकडेही कायद्यानेच व्हायला हवी.

सगळे करूनही टॅब उठला नाही, तर तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. लिथियमची बॅटरी चेचली गेली तर पेट घेते. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच तो द्यावा. पण ती शेवटची पायरी झाली. आज रविवार आहे, घरात माणसे आहेत. तो खण उघडा, चार्जर शोधा आणि दुपारच्या जेवणापर्यंत धीर धरा.