प्रकल्पाच्या वहीतले मन

मानसशास्त्र घेतले म्हटले की घरीदारी पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे आता तुला आमच्या मनातले कळणार?" विद्यार्थी हसून वेळ मारून नेतो. खरे तर त्याला स्वतःच्या मनाचाही पत्ता लागलेला नसतो, कारण तो अवधानाची व्याख्या आणि स्मृतीचे प्रकार पाठ करण्यात गुंतलेला असतो. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लायपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे शास्त्र प्रयोगावर उभे आहे. आमच्या महाविद्यालयांतून ते बहुतांशी गाईडवर उभे आहे.

हा विषय शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. माणसे गाठून, हाताने नोंदी घेऊन केलेला एक लहानसा प्रकल्प दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवून जातो, असे माझे ठाम मत आहे.

स्ट्रूपचा प्रयोगच घ्या. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' हा पिवळ्या शाईत लिहायचा आणि समोरच्याला शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली हे प्रसिद्ध केले. त्यांच्या विद्यार्थ्यांना शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले. अशा फसव्या शब्दांना ११०. पुस्तकात हे चार ओळींत संपते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने मात्र मराठी शब्दांचे तक्ते रंगवले आणि घरीच घड्याळ लावले. वडील अडखळले, दादा अडखळला, आजीने मात्र धडाधड रंग सांगितले! आजीला अक्षरओळख नव्हती. वाचनाची सवय एकदा मुरली की न वाचणे आपल्या हाती राहत नाही, ही गोष्ट त्या घराला आजीमुळे कळली. एका आजीवरून सिद्धान्त ठरत नाही, हेही त्या मुलीचे तिलाच सुचले. रंग कळतात पण अक्षरे येत नाहीत अशी बालवाडीतली मुले शोधत ती दुसऱ्या दिवशी गल्लीत हिंडत होती. संशोधन म्हणतात ते हेच.

पण सगळ्या वह्या अशा नसतात. कित्येक वह्यांतले आकडे गेल्या वर्षीच्या वहीतून आलेले असतात आणि आलेख तर इतका देखणा की माणसे अशी वागतच नाहीत. एका मुलाने गाणी लावून आणि शांततेत, अशा दोन्ही प्रकारे मित्रांकडून शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या. फरक काहीच निघाला नाही. "सर, दोन-चार आकडे बदलू का?" त्याने अगदी निरागसपणे विचारले. मला त्याचा राग आला नाही. गृहीतक खरे ठरले तरच गुण मिळतात, हे त्याला आपणच शिकवले आहे.

हा मोह नामवंतांनाही सुटलेला नाही. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम ठळक होता. फेरतपासणीत तो जेमतेम ३६ टक्क्यांत दिसला. सगळ्यांनी लबाडी केली असे नव्हे. पण 'काही निघाले नाही' असे छापण्याची रीतच नव्हती. म्हणून 'फरक आढळला नाही' असे लिहिणाऱ्या त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले. सहपरीक्षकांना ते फारसे रुचले नाही.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट ठेवली आहे. नक्कल तशीच चालू राहिली, तर वही जाड होईल, एवढेच.

एक पथ्य मात्र पहिल्या प्रकल्पापासून हवे. समोरच्याची संमती घ्यायची, आणि 'नको वाटले तर मध्येच उठा' हे आधी सांगायचे. नैराश्याच्या प्रश्नावल्या मैत्रिणींना वाटत सुटणे तर मला मुळीच मान्य नाही; एखादीचे उत्तर खरेच काळजीचे निघाले, तर अठरा वर्षांच्या मुलीने करायचे काय?

आणि पालकहो, उद्या एखादी भाची तक्ता नि घड्याळ घेऊन समोर बसली तर दहा मिनिटे काढा. तिला काय हवे आहे ते ओळखून तसे उत्तर देण्याची आपली मायाळू सवय असते, तेवढी आवरा. आणि तिची वही रात्री जागून तुम्ही पूर्ण करू नका.