‘यात काय घातलंयस, खरं सांग!’

मैत्रिणींनो, गेल्या काही दिवसांत आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. मुलं भाजीला हात लावत नाहीत, काय करावं? एका भगिनीनं लिहिलंय, “मुलाला दोन्ही वेळा बटाटाच लागतो. शाळेतून आल्यावर डबा उघडावा तर पोळी संपलेली आणि भाजी जशीच्या तशी. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला चव नाही. हे म्हणतात, तूच लाडावून ठेवलंयस. दोन्हीकडून मीच दोषी!”

पत्र वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. कारण या सगळ्यातून मी स्वतः गेले आहे.

माझा धाकटा सहा वर्षांचा असताना बटाटा सोडून एकही भाजी खात नसे. सासूबाईंचा नियम कडक. पानातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही. तो तास तास पानावर बसून राही, शेवटी रडत दोन घास गिळी आणि पुष्कळदा ओकून टाकी. मग मी आमिष दाखवलं, “भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन.” त्याचा अर्थ त्यानं बरोबर लावला. ज्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ते वाईटच असणार!

शेवटी मी चोरीचा मार्ग धरला. पालक वाटून कणकेत, गाजर आमटीत, दुधी किसून थालीपिठात. तो खुशीत खायचा आणि मी मनात म्हणायची, जिंकले. एक दिवस पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि किसणीवर दुधी बघून थबकला. “म्हणजे तू रोज घालतेस?” मला उत्तर देता येईना. त्यानंतर कित्येक दिवस तो पोळी उजेडात धरून बघायचा. आवडती आमटीसुद्धा बाजूला सारायचा. प्रत्येक घासाला एकच प्रश्न, “यात काय घातलंयस, खरं सांग!”

भाजी तर गेलीच, पण माझ्या शब्दावरचा त्याचा विश्वासही गेला. तेव्हापासून मी एक नियम केला. भाजी किसा, वाटा, तळा, काय हवं ते करा, पण नाव सांगून वाढा. “आज दुधीचं थालीपीठ आहे, बघ खाऊन. नको असेल तर साधी पोळी घे.” एवढंच.

दुसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. घरातल्या मोठ्यांची पानं कधी नीट बघितलीत का? आमच्या ह्यांच्या पानात गवार आणि कारलं नेहमी कडेला उरायचं. मुलगा ते रोज बघत होता. एका रात्री मुलं झोपल्यावर मी म्हटलं, “अहो, तुम्ही खाल्लं नाहीत तर तो कसा खाईल?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मलाही लहानपणी गवार संपेपर्यंत उठू देत नसत.” तेव्हा मला उलगडा झाला. दुसऱ्या दिवसापासून ते एक चमचा भाजी वाढून घेऊ लागले. ना कौतुक, ना उपदेश. मुकाट्यानं खायचे. सासूबाईंनाही मी हात जोडून विनवलं, “आई, महिनाभर पानावर भाजीचा विषयच नको.” त्यांनी मनाविरुद्ध का होईना, पाळलं.

मुलांची जीभ कडू चवीला आपल्यापेक्षा हळवी असते. नवी चव ओळखीची व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण मात्र दोन-तीनदा करून बघतो आणि “त्याला आवडतच नाही” म्हणून सोडून देतो. तेव्हा चमचाभरच वाढा, उरली तर रागावू नका आणि आठवड्यानं पुन्हा करा.

आता करून बघायचे तीन प्रकार.

लाल भोपळ्याचे घारगे : १ वाटी भोपळ्याचा कीस चमचाभर तुपावर परतून झाकण ठेवून मऊ करा. पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून विरघळला की उतरवा. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलचीपूड, २ चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवा. पाणी मुळीच नको. जाडसर पुऱ्या थापून मंद आचेवर तळा. गोड पदार्थ आहे, म्हणून रोज नव्हे. पण भोपळ्याशी ओळख करून द्यायला फार चांगला.

कोबीच्या वड्या : २ वाट्या बारीक चिरलेल्या कोबीला मीठ, हळद, थोडं तिखट, आलं आणि तीळ लावून दहा मिनिटं ठेवा. त्याच्या सुटलेल्या पाण्यातच १ वाटी डाळीचं पीठ आणि २ चमचे तांदळाचं पीठ कालवा. लांबट उंडे करून पंधरा मिनिटं वाफवा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर भुगा होतो. मग तव्यावर थोड्या तेलात खरपूस परता. डब्यात गारही छान लागतात.

दुधीचं थालीपीठ : दुधी चिरल्यावर आधी तुकडा चाखून बघा. कडू लागला तर सगळा टाकून द्या, कारण कडू दुधी विषारी असतो. चांगला असेल तर किसून त्याच्याच पाण्यात भाजणी, कांदा, कोथिंबीर, मीठ, तिखट घालून भिजवा. लोण्याबरोबर द्या.

आणखी चार गोष्टी. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा घालू नका, त्यानं जीवनसत्त्वं जातात. पालक-मेथीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. गाजर-भोपळ्याला थोडं तेलतूप हवंच, त्याशिवाय त्यातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरेसा उपयोग होत नाही.

प्रमाण विचाराल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलंय की २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला भाज्या आणि फळं मिळून निदान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्यांना ३५० आणि त्यापुढे ४०० ग्रॅम हवीत. त्यात बटाटा धरत नाहीत बरं का! आकडा ऐकून धास्तावू नका. एक केळं, काकडीच्या चार चकत्या, थोडी कोशिंबीर असं करतच दिवसाची बेरीज होते.

शक्य असेल तेव्हा मुलांना मंडईत न्या. एक भाजी त्यांनाच निवडू द्या. मटार सोलायला, मेथी निवडायला बसवा. पसारा होईल, पण आपण निवडलेली मेथी मूल निदान चाखून बघतं. मात्र मुलाचं वजन वाढत नसेल, ते मलूल दिसत असेल किंवा मोजकेच दोन-तीन पदार्थ खात असेल, तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

आमचा धाकटा लगेच सुधारला असं समजू नका. चारेक महिन्यांनी एकदा जेवताना त्यानं आपणहून वडिलांच्या पानातली गवारीची एक शेंग उचलली, चावली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, “अजून नाही आवडत.” मी काही बोलले नाही. पण त्या ‘अजून’नं मला केवढा धीर दिला! आज तो कोबी, भोपळा, मेथी, दुधी आवडीनं खातो. शेपूचं नाव काढलं की मात्र अजूनही पळतो. पळू दे!

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढंच सांगेन, तुमच्या हाताला चव आहे. दोष कुणाचा हे शोधणं सोडा, आणि उद्या सगळ्यांच्याच पानात चमचाभर भाजी वाढा. तुमच्या पानातसुद्धा! पुष्कळदा सगळ्यांचं वाढता वाढता आपल्याच वाट्याला ती उरत नाही, हो ना?